रीसेट झालेल्या फोनातून काही परत येते का?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा, की चार वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा आहे, तर फॅक्टरी रीसेट केल्यानंतर त्यातील फोटो, बँकेचे संदेश आणि आधारची प्रत कोणी पुन्हा काढू शकेल का. दुसरा असा, की फोन सारखा अडकतो म्हणून बहिणीने वडिलांचा फोन रीसेट केला, त्यात दिवंगत आईचे फोटो होते, ते परत मिळतील का. आणि त्या फोनमध्ये मेमरी कार्ड होते की नाही, हे घरात कोणालाच नक्की आठवत नाही. पहिल्या प्रश्नात माहिती कोणाच्या हाती लागू नये अशी इच्छा आहे आणि दुसऱ्यात ती आपल्या हाती यावी अशी. परंतु दोन्हींचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे जे उत्तर आपल्याला दिलासा देईल, तेच दुसऱ्या प्रश्नात जड जाईल. आपला फोन नीट रीसेट केला तर त्यातून काही निघणार नाही. वडिलांच्या फोनच्या अंतर्गत स्टोरेजमधूनही, बहुतेक निश्चितपणे, काही निघणार नाही. मात्र फोटो फक्त त्या फोनमध्येच होते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते आपली खरी मेहनत तिथेच लागायला हवी.

फोनमधील माहिती पुसली जाते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कबद्दल आपण जे ऐकले आहे, ते येथे लागू पडत नाही. डिस्कवर एखाद्या फाइलच्या जागी दुसरे काही लिहिले, की ते खरोखर त्याच जागी लिहिले जाते. फोनमध्ये फ्लॅश मेमरी असते. ती काही किलोबाइटच्या पानांनी लिहिली जाते, पण पुसताना मात्र अशा शेकडो पानांचा एक अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसता येतो, नंतर तो झिजतो. म्हणून स्टोरेजच्या चिपमधील नियंत्रक लिखाण सतत नव्या जागी वळवतो, जुन्या पानावर 'निकामी' अशी नोंद करतो आणि सवडीने ते ब्लॉक साफ करतो. याचा अर्थ असा, की एखाद्या फोटोवर दुसरे काही लिहून तो नष्ट करावा म्हटले, तरी नवे लिखाण भलत्याच जागी जाते आणि जुने पान काही काळ तसेच पडून राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली फ्लॅशवर चालणाऱ्या डिस्कवर हे तपासले, तेव्हा एकेक फाइल वारंवार लिहून पुसण्याच्या सर्व पद्धती अपयशी ठरल्या आणि फाइलमधील ४ ते ७५ टक्के मजकूर चिपवर शिल्लक सापडला. '३५ वेळा ओव्हरराइट करणारे ॲप घेऊ का' असे मला अजूनही विचारले जाते. तो ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला असून त्या काळच्या चुंबकीय डिस्कसाठी होता. फोनवर तसे ॲप चालवल्याने माहिती सुरक्षितपणे नष्ट होत नाही, मेमरी मात्र झिजते.

मग आजचा फोन सुरक्षित कसा पुसला जातो? माहिती पुसून नव्हे, तर तिची किल्ली नष्ट करून. फोनच्या स्टोरेजमध्ये जे काही लिहिले जाते ते आधी एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय ते निरर्थक आकड्यांचा ढीग असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने साठवणुकीची माध्यमे पुसण्यासंबंधी २०१४ साली जी सुधारित मार्गदर्शिका काढली, तिच्यात किल्ली नष्ट करण्याची ही रीत स्वतंत्रपणे मान्य केलेली आहे. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या थ्रीजीएस या मॉडेलपासून आहे. अँड्रॉइडमध्ये ती टप्प्याटप्प्याने आली: २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशी क्षमता असलेल्या नव्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचे झाले, २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक फाइलची वेगळी किल्ली असण्याची पद्धत आली, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून स्वस्तातला फोन असला तरी नव्या फोनमध्ये हे असलेच पाहिजे असा नियम झाला. आपला फोन चार वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे तो या शेवटच्या गटात येतो.

किल्ली कुठे असते, हे पाहण्यासारखे आहे. तिचा एक भाग प्रोसेसरमधील सुरक्षित कप्प्यातून येतो आणि तो चिपबाहेर कधीच पडत नाही. दुसरा भाग आपल्या पिन किंवा पॅटर्नमधून येतो. याशिवाय अँड्रॉइड किल्लीसोबत एक लहानशी फाइल ठेवते, अवघ्या १६ किलोबाइटची, ज्यात निव्वळ यादृच्छिक आकडे भरलेले असतात आणि किल्ली उघडताना त्या सगळ्या आकड्यांची गरज लागते. रीसेटच्या वेळी ही फाइल चिपवरून मुद्दाम पुसली जाते. तिच्यातील एक बिट जरी हरपला, तरी किल्ली कायमची गेली. २५६ गिगाबाइटचा फोन दोन मिनिटांत कसा काय रीसेट होतो, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांना मी हेच सांगतो: गोदाम जाळायला वेळ लागतो, किल्ली वितळवायला लागत नाही.

अशा रीसेट झालेल्या फोनची चिप काढून ती वाचणाऱ्या यंत्रावर वाचली, तर पडद्यावर काय दिसते तेही सांगतो, कारण 'चिप काढून डेटा काढतो' असे सांगणारी दुकाने आजही आहेत. एन्क्रिप्शन नसलेल्या माध्यमावर कॅमेऱ्याचा फोटो जिथे सुरू होतो तिथे एफएफ डी८ एफएफ असे तीन बाइट दिसतात, थोडे पुढे कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव आणि फोटो काढल्याची तारीख साध्या अक्षरांत वाचता येते, आणि शेवटी एफएफ डी९ येते. कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारे स्टोरेजचे कोष्टक उरले नसले, तरी या खुणांच्या आधारे फोटो वेचून काढता येतो. एन्क्रिप्ट झालेल्या चिपवर यातले काहीच नसते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखीच खिचडी, कुठेही अक्षर नाही, तारीख नाही, फोटो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याचा मागमूस नाही. मी पूर्वी चिप काढून वाचण्याचे काम बरेच केले आहे. गेल्या काही वर्षांत नव्या फोनसाठी ते जवळपास बंद केले, कारण त्या कष्टातून हाती येते ती ही खिचडी.

जुन्या फोनबद्दलची भीती मात्र निराधार नव्हती. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ जुने अँड्रॉइड फोन बाजारातून घेऊन तपासले. त्यांवर अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेट केलेल्या त्या फोनांतून संदेश, फोटो, संपर्क तर निघालेच, शिवाय पहिल्या मालकाच्या गूगल खात्यात शिरता येईल असा टोकन ८० टक्के प्रकरणांत मिळाला. आपल्या घरातील कपाटात त्या काळातला एखादा फोन पडलेला असेल, तर त्याला आजच्या फोनचा नियम लावू नका. अँड्रॉइड ४ किंवा ५ च्या फोनमध्ये सेटिंगमधील सुरक्षा विभागात फोन एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय असतो. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर ठेवून, चार्जर लावून तो आधी चालवावा, त्याला तास-दीड तास लागू शकतो, आणि मगच रीसेट करावे. साध्या बटणांच्या फोनमध्ये बहुधा अशी काही सोयच नसते. त्याचे रीसेट म्हणजे संपर्कांची यादी रिकामी दिसणे एवढेच समजावे. गावोगावी आणि शहरातल्या वस्त्यांतूनही 'जुने, बंद पडलेले मोबाईल द्या, टब घ्या, भांडी घ्या' अशी आरोळी देत फिरणारे लोक नेमके हेच फोन नेतात. त्या टबाच्या बदल्यात आपण काय दिले, याचा विचार कोणी करत नाही.

आता आपल्या फोनचे. त्याला पिन नसेल किंवा १२३४ असा पिन असेल, तर आधी तो बदलून सहा अंकी, आडवळणाचा ठेवावा. हे थोडे अतिसावधपणाचे आहे हे मला मान्य आहे, पण त्याला पैसे पडत नाहीत. त्यानंतर जे काही जपायचे आहे त्याची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावी. 'बॅकअप झाला' ही सूचना दिसणे आणि त्यातील फोटो प्रत्यक्ष उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या रडवेल्या प्रकरणांपैकी कितीतरी त्या दोहोंमधल्या फटीत पडलेली असतात. यूपीआय आणि बँकेची ॲप उघडून त्यातून बाहेर पडावे, ओटीपी तयार करणारे ॲप असेल तर त्याची खाती नव्या फोनवर हलवल्याची खात्री करावी, आणि सिम व कार्ड काढून घ्यावे. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर आल्यावर जुन्यातून पुसावे. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल खाते काढावे. हे रीसेटच्या आधीच करायचे आहे, कारण अँड्रॉइड ५.१ पासून खाते तसेच ठेवून बटणे दाबून रीसेट केले तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचे खाते मागतो. आयफोनमध्येही २०१३ पासून तीच व्यवस्था आहे. एक्स्चेंजवाला मग आपल्याला फोन करतो आणि आपण घाईघाईत त्याला पासवर्ड सांगतो. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की रीसेटमधील खरा धोका मी चिपमध्ये नव्हे, तर या फोनकॉलमध्ये मानतो. शेवटी सेटिंगमधूनच 'सर्व डेटा पुसा' हा पर्याय निवडावा. फोन सुरू होऊन स्वागताचा पडदा दिसला, की काम झाले. रिकाम्या फोनवर मोठे व्हिडिओ भरून पुन्हा रीसेट करण्याची गरज नाही.

डिस्प्ले फुटलेला आणि स्पर्शाला दाद न देणारा फोन असेल, तर तो तसाच देऊ नये. फोनला यूएसबीची उपकरणे जोडणाऱ्या ओटीजीच्या साध्या अडॅप्टरने माऊस जोडला तर पुष्कळदा काम भागते, पडदा काहीच दाखवत नसेल तर स्वस्तातला डिस्प्ले तात्पुरता जोडून घ्यावा, आणि फोन इंटरनेटला जोडलेला असेल तर गूगलच्या किंवा ॲपलच्या फोन शोधण्याच्या सेवेतून दूरवरूनही तो पुसता येतो. बोर्डच मेला असेल आणि मजकूर फारच नाजूक असेल, तर बोर्डवरील स्टोरेजची चिप फोडावी. पण त्याआधी बॅटरी काढावी आणि काढता येत नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, कारण लिथियमच्या बॅटरीला छिद्र पडले तर ती पेट घेते. दुरुस्तीला फोन देताना पिन सांगण्याची पद्धतही सोडून द्यायला हवी. काही सॅमसंग आणि पिक्सेल फोनमध्ये दुरुस्तीसाठीची वेगळी अवस्था असते, ती सुरू केली की तंत्रज्ञाला फोन तपासता येतो पण आपले फोटो दिसत नाहीत.

फोन पुसला म्हणून माहिती पुसली गेली, असे मात्र समजू नये. आपण आधारच्या प्रतीचा उल्लेख केला आहे. ती प्रत आपल्या फोनमधून आज नष्ट होईल, पण दोन वर्षांपूर्वी ज्या झेरॉक्सच्या दुकानात आपण ती प्रिंट काढण्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, त्या दुकानाच्या संगणकावरील डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ती बहुधा अजून आहे. घरातल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलेले असेल, जुन्या टॅबमध्ये गूगल खाते चालू असेल, फोटोंचा अल्बम कोणाशी शेअर केलेला असेल. फोनवरची प्रत पुसणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. जोडलेल्या उपकरणांची यादी व्हॉट्सॲपमध्ये आणि गूगल खात्यात दिसते. ती फोन देण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे बसून पाहावी. आणखी एक गोष्ट केवळ नोंदवून ठेवतो: एखाद्या तक्रारीचा किंवा खटल्याचा संबंध असलेला फोन पुसणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ नुसार पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा ठरू शकतो. त्या बाबतीत मी कोणालाही रीसेटचा सल्ला देत नाही.

आता वडिलांच्या फोनकडे वळू. वरील सगळे वाचल्यावर आपल्याला कळलेच असेल, की तो फोन २०१९-२० नंतरचा असेल तर त्याच्या अंतर्गत स्टोरेजमधील फोटोंची किल्ली गेलेली आहे. जो कोणी आगाऊ पैसे घेऊन 'काढून देतो' म्हणेल, त्याला एक तर हे माहीत नाही किंवा माहीत असूनही तो आपल्याला सांगत नाही. प्ले स्टोअरवरील रिकव्हरीची ॲपही येथे निरुपयोगी आहेत. सामान्य ॲपला स्टोरेजची चिप थेट वाचण्याची परवानगीच नसते. ती परवानगी मिळवण्यासाठी फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो, रूट करण्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि बूटलोडर उघडताना फोन स्वतःहून पुन्हा सगळे पुसतो. ही ॲप जे 'सापडलेले' फोटो दाखवतात, ते फोनमध्ये आधीच असलेले किंवा गॅलरीने साठवलेले लहान नमुने असतात. आपण सदस्यत्वाचे पैसे भरतो आणि अंगठ्याएवढा धूसर फोटो मिळतो.

गंमत अशी, की बंद पडलेला फोन या बाबतीत रीसेट झालेल्या चालू फोनपेक्षा कितीतरी बरा. दोन पावसाळ्यांपूर्वी एका शेतकरी कुटुंबाने विहिरीत पडलेला फोन माझ्याकडे आणला होता. चार दिवस तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता, त्यामुळे बोर्डावर हिरवट गंज धरला होता आणि तांदळाचा पिठूळ कण चार्जिंगच्या छिद्रात अडकला होता, तो वेगळाच. बोर्ड अल्कोहोलने धुतला, मुख्य वीजवाहिनीवरील एक लहानसा कपॅसिटर शॉर्ट झालेला सापडला, तो काढला, आणि फोन सुरू होऊन लॉकचा पडदा आला. पिन घरातल्या दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला होता. एरवी असा पिन लिहिलेला दिसला तर मी दोन शब्द सुनावतो, त्या दिवशी गप्प बसलो. साधारण चाळीस मिनिटे फोन तगला, तेवढ्यात फोटो आणि कागदपत्रे संगणकावर घेतली, आणि नंतर तो पुन्हा कधी सुरू झाला नाही. किल्ली शाबूत होती, प्रोसेसर आणि स्टोरेज जिवंत होते आणि पिन माहीत होता; या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ते झाले. त्यातली एक जरी नसती, तरी माझे सगळे कौशल्य वाया गेले असते. म्हणून फोन पाण्यात पडला तर तो सुरू करून पाहू नका, चार्जर लावू नका, तांदळाच्या नादी लागू नका आणि रीसेट तर मुळीच करू नका.

याच ओघात फोटो नुसता डिलीट झाला असेल, फोन रीसेट झाला नसेल, तर काय करावे हेही सांगून टाकतो, कारण तिथे वेळेला फार महत्त्व आहे. गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस आणि न झालेला ३० दिवस राहतो, आयफोनच्या 'नुकतेच हटवलेले' मध्ये साधारण ३० दिवस, आणि अनेक फोनच्या गॅलरीत वेगळी कचरापेटी असते. हे सगळे पाहून झाल्यावरही फोटो नसेल, तर फोन रात्री चार्जिंगला लावून 'उद्या बघू' म्हणण्यात मोठे नुकसान आहे. अँड्रॉइड फोन नुसता पडलेला आणि चार्जिंगवर असला, की रिकाम्या झालेल्या जागा कोणत्या हे स्टोरेजच्या नियंत्रकाला कळवतो, आणि नियंत्रक त्या जागा साफ करायला मोकळा होतो. शिवाय प्रत्येक फाइलची वेगळी किल्ली ज्या नोंदीवरून बनते ती नोंद फाइलसोबतच पुसली जाते. म्हणजे नव्या फोनमध्ये बिनमधूनही गेलेला फोटो बहुधा गेलाच.

वडिलांच्या फोनच्या बाबतीत, रीसेटच्या आधी जिथे प्रती गेल्या असतील तिथे क्रमाने पाहावे लागेल. वडिलांचे गूगल खाते कोणते होते हे आधी शोधा. पुष्कळदा फोन घेताना दुकानदार स्वतःच एक नवे खाते उघडून देतो आणि त्याचा पत्ता घरात कोणालाच माहीत नसतो. फोनच्या खोक्यावर, बिलाच्या मागे, दुकानाच्या पिशवीत चिठ्ठीवर तो लिहिलेला सापडू शकतो. पासवर्ड नसला तरी वडिलांचा मोबाईल क्रमांक चालू असेल तर खाते पुष्कळदा परत मिळवता येते. त्या खात्यात संगणकावरून शिरून गूगल फोटोज, त्याचा बिन आणि ड्राइव्ह पाहा. फोनवर खाते जोडण्याची घाई करू नका.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत एक सापळा आहे, त्याकडे विशेष लक्ष द्या. रीसेटनंतर फोनवर व्हॉट्सॲप नव्याने टाकले, क्रमांक पडताळला आणि बॅकअप परत आणायचा का या प्रश्नावर घाईत 'नको' म्हटले, तर रिकामे व्हॉट्सॲप सुरू होते. बॅकअप सुरू असेल तर पहाटे दोनच्या सुमारास तेच रिकामे व्हॉट्सॲप ड्राइव्हवरील जुन्या बॅकअपच्या जागी स्वतःचा बॅकअप नेऊन ठेवते. बहिणीने अजून व्हॉट्सॲप टाकले नसेल, तर खात्याचा शोध लागेपर्यंत टाकू नये. टाकले असेल आणि बॅकअप नाकारला असेल, तर आजच इंटरनेट बंद करावे. आणि हे सगळे करण्याआधी घरच्या ग्रुपमधल्या सर्वांना, मावशी, आत्या, चुलतभावंडे, सगळ्यांना, एक संदेश पाठवा. आईचे फोटो वडिलांनी काढले असतील तर त्यातले बरेचसे त्यांनी कधी ना कधी कोणाला पाठवलेले असणार. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ फोटोपेक्षा आकाराने लहान असतो, हे खरे आहे, पण भिंतीवर लावण्याइतका तो पुरतो. समोरच्याला म्हणावे, फोटो गॅलरीत शोधू नका, वडिलांच्या नावाची चॅट उघडून तिच्यातील मीडियाची यादी खालपर्यंत पाहा. लग्न, वाढदिवस, सत्यनारायण, पंढरपूरला गेलो ते, असे प्रसंग आठवून सांगितले तर लोक नीट शोधतात. नुसते 'असतील तर पाठवा' म्हटले तर कोणी शोधत नाही.

आता मेमरी कार्ड. आपल्या घरी सगळ्यात जास्त आशा मला तिथे वाटते, म्हणूनच ते शेवटी घेतले. फोनमध्ये घातलेले मायक्रोएसडी कार्ड सहसा एन्क्रिप्ट केलेले नसते. अपवाद दोन: कार्ड फोनच्या अंतर्गत स्टोरेजचा भाग म्हणून वापरलेले असेल, किंवा सेटिंगमधून कार्ड मुद्दाम एन्क्रिप्ट केलेले असेल. फॅक्टरी रीसेट करताना कार्डही पुसायचे का हा वेगळा पर्याय असतो, तो निवडला नसेल तर कार्डला धक्काही लागलेला नसतो. पुसले असेल, तरी तिथे किल्ली नसल्यामुळे आशा उरते. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे बहुधा फाइलींची यादी ठेवण्याच्या एफएटी या पद्धतीची असतात. त्यात फोटो डिलीट झाला म्हणजे यादीतील त्याच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे ई५ हा एक बाइट लिहिला जातो आणि जागा मोकळी दाखवली जाते. 'DSC' सारख्या नावाचे पहिले अक्षर गेले, बाकीचे नाव, फाइलचा आकार आणि खुद्द फोटो जागच्या जागी. झटपट फॉरमॅटमध्येही बहुतेक वेळा याद्याच रिकाम्या होतात. अशा कार्डावरून मी सात-आठ वर्षांपूर्वीचे फोटो काढलेले आहेत. उलट बाजूने पाहता, आपण स्वतः एखादे कार्ड देऊन टाकणार असाल तर ते विंडोजच्या संगणकावर 'क्विक फॉरमॅट' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, कारण तेव्हा सगळ्या कार्डावर शून्ये लिहिली जातात. फारच नाजूक काही असेल तर कार्ड पकडीने मधोमध तोडावे, त्याची किंमत काही शे रुपयांची असते.

तर कार्ड शोधा. जुन्या फोनच्या खोक्यात, वडिलांच्या पाकिटात, सिमच्या पुठ्ठ्याच्या घडीत, देवघराच्या खणात अशा जागी ते असते. नखाएवढे काळे तुकडे कोणी टाकून देत नाही आणि कोणी वापरतही नाही. सापडले तर ते फोनमध्ये घालू नका. फोन त्याला पाहताच 'कार्ड सेट करायचे आहे, फॉरमॅट करू का' असे विचारतो आणि वडीलधारी माणसे त्याला सवयीने होकार देतात. त्याऐवजी मायक्रोएसडीचे जे मोठे अडॅप्टर मिळते, ते घ्या. त्याच्या डाव्या कडेला एक बारीक सरकती कळ असते, ती 'लॉक' च्या बाजूला सरकवली म्हणजे संगणक त्यावर सहसा काही लिहू शकत नाही. कार्ड त्यात घालून रीडरला लावा, आणि संगणकाने फॉरमॅट करण्याबद्दल विचारले तर नकार द्या. आधी सबंध कार्डाची एक प्रतिमा-फाइल, म्हणजे त्यावरील प्रत्येक बाइटची हुबेहूब नक्कल, संगणकावर घ्या आणि मग त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवा. ते क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे मोफत साधन आहे आणि पैसे मागणाऱ्या बहुतेक साधनांपेक्षा चांगले काम करते. त्याचा पडदा काळा आणि अक्षरांचा आहे, त्याला घाबरू नका. सापडलेले फोटो कार्डावर नव्हे, संगणकावरच ठेवायला सांगा. फोटोंची मूळ नावे परत येणार नाहीत, हजारो फाइली एफ आणि काही आकडे अशा नावाने येतील, पण तारीख बहुतेक फोटोंच्या आतच नोंदलेली असते, त्यामुळे तारखेनुसार लावून घेता येतात. कार्ड रीडरमध्ये ओळखलेच गेले नाही किंवा वाचताना मध्येच अडले, तर पुन्हा पुन्हा काढून घालण्याचा प्रयत्न करू नका, एका पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवा आणि तसे मला लिहा, तेव्हा ते काम वेगळ्या पद्धतीने करावे लागेल.